रिकामा डबा

शेजारच्या इंद्राणीच्या मुलाने उसाच्या शेतातल्या भांडणात जयदेवच्या मुलाचा जीव घेतला, आणि कोर्टाने त्याला फाशी सुनावली. मेलेल्याच्या बापाने दयेच्या अर्जावर सही केली तर जन्मठेपेवर निभावण्याची आशा आहे, असं सांगून वकील अर्ज ठेवून गेला होता.

"तो जन्मभर सरकारी भात खाणार, आणि आपल्या पोराची राख झाली," जयदेव म्हणाला. "मी सही करणार नाही."

"नका करू," त्याची बायको गंगा म्हणाली. "पण फाशीच्या दिवशी इंद्राणीच्या घरी चूल पेटणार नाही. सुतकाच्या घरी जेवण शेजाऱ्यांनी न्यायचं असतं."

"नेईल कुणीतरी."

"फाशी गेलेल्याच्या घरी? सारं शमें ग्रेनिए गाव दार लावून बसेल. मलाच जावं लागेल."

तिने फळीवरचा पितळी डबा काढून त्याच्यापुढे ठेवला. मुलगा गेला त्या दुपारी, मारणारा कोण हे कळायच्या आधी, इंद्राणीने त्यातूनच वरणभात आणला होता. तेव्हापासून डबा घरातच राहिला होता. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं.

"काय घालू यात?" गंगाने विचारलं.

जयदेवने अर्ज पुढे ओढला. मग त्याने सही केली, अर्जाची नीट घडी घातली आणि ती डब्यात ठेवली.