आजची तारीख

"ताई, माझी आठवण मी त्या आठवणी जुळवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर टाकणार नाही. जोडायचं तर इथे जोड," शिरीष गुरकावला. अकरा वर्षं खपून त्याने स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली होती आणि सकाळीच तिच्यावर सर्व्हर उभा केला होता.

वृंदाने कानामागे वायर खोचली. "आई गेली त्या दिवशी काय झालं, ते एकदाचं दोघांना सारखंच आठवू दे."

दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर नव्या तारखेची राहायची आणि जुनी दोघांच्याही डोक्यातून पुसली जायची. म्हणून शिरीषने गुपचूप सिस्टीमकडून आपल्या आठवणीवर आजची तारीख टाकून घेतली होती. पण स्वतःच्या सिस्टीमचं घड्याळ लावायला तो विसरला होता. घड्याळ न लावलेल्या संगणकाप्रमाणे त्या सिस्टीमच्या लेखी आज एक जानेवारी १९७० होती, आणि तीच तारीख त्याच्या आठवणीवर पडली होती.

पडद्यावर 'जुळवणी पूर्ण' असं उमटलं.

शिरीषला आता आठवत होतं, की तो खोलीच्या दारात उभा आहे. आत आई पाणी मागतेय, आणि एक माणूस तिच्या अंगावर ओरडतोय. त्या माणसाने मान वळवली. चेहरा शिरीषचाच होता.

"हलकट!" त्याच्या तोंडून निघालं.

वृंदाने वायर उपसून टेबलावर आपटली.

"तीन वर्षं मी हेच सांगतेय."