शून्यांच्या जागी

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या साली मलकापूरकडचा सरकी काढायचा जिनिंग कारखाना बंद पडला आणि कापसाचे ट्रक भरणारे पुंजाजी घरी बसले. त्यांची लेक निशिगंधा पुण्यात प्रोसेसरसाठी प्रोग्राम लिहायची. प्रोसेसर मेमरीतून एकाच मापाच्या खेपा उचलतो, तिची माहिती मात्र लहानमोठ्या तुकड्यांची. प्रत्येक तुकड्यापुढे शून्यं भरून ती खेप पुरी करायची आणि काम रेंगाळायचं. एका दुपारी तिला शिगोशीग भरलेला ट्रक आणि बाबांच्या मिशीतला कापूस आठवला. तिनं फोन लावला. “बाबा, बारकीमोठी गाठोडी कशी रचत होते तुमी?” “मोठी आधी, बारकी फटीत. रिकामी जागा काऊन वाहून न्याची?” तिनं शून्यांच्या जागी बारके तुकडे बसवले, काम दुप्पट वेगानं पळालं. तिनं कळवल्यावर पुंजाजी बायकोला म्हणाले, “ऐकलं काय वं? मी पुन्हा कामाले लागलो!”