अण्णांचा निष्कर्ष

दुसऱ्या मजल्यावर अण्णा थांबलेच नाहीत. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन ते थेट तिसऱ्यावर पोचले आणि कुलूप काढतानाही त्यांना धाप लागली नव्हती.

चित्राबाई मात्र पहिल्याच मजल्याच्या पायरीवर बसून होत्या. "अहो, तुम्ही व्हा पुढे. माझ्याने नाही होत आता," त्यांनी खालूनच सांगितलं.

अण्णा पिशव्या ठेवून पुन्हा उतरले. बायकोला हात देऊन त्यांनी सावकाश वर आणलं, पंख्याखाली बसवलं आणि चहाचं आधण ठेवलं.

डोंबिवलीतल्या त्या बिनलिफ्टच्या इमारतीत सहा महिन्यांपूर्वी हे कोणी सांगितलं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. अण्णांचे थोरले भाऊ प्रभाकर हृदय थकून अडुसष्टाव्या वर्षी गेले होते. अण्णांनाही तेच दुखणं निघालं आणि अडुसष्टावं लागताच त्यांनी पलंग धरला. मृत्युपत्र केलं, विम्याचे कागद बायकोला दाखवले आणि छताकडे बघत पडून राहिले. जरा चाला म्हटलं की म्हणायचे, "कशाला? प्रभाकरही चालायचा." चित्राबाईंचं हृदयही तितकंच थकलेलं होतं. पण घरात एकाने पलंग धरला की दुसऱ्याला कुठली सवड!

शेवटी चित्राबाईंनीच ठाण्याच्या एका इस्पितळात दोघांची नावं दिली. तिथे डॉक्टर सुश्रुत स्टेम सेलचा प्रयोग करत होते. रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून पेशी काढायच्या आणि थकलेल्या हृदयात सोडायच्या. चाळीस जणांतल्या वीस जणांना पेशी, वीस जणांना नुसतं सलाइन. कोणाला काय मिळालं, हे वर्ष संपेपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नव्हतं.

उपचारानंतर तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चित्राबाई खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत. "मला मेलीला काडीचा फरक नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमचा चेहरा बघा जरा आरशात. खरं औषध तुम्हालाच मिळालंय. चहा कराल का आज?"

अण्णांनी आरशात पाहिलं. मग चहा केला. दुसऱ्या दिवशी दूध आणलं, आठवड्याने पोळ्यांना हात घातला. एमआयडीसीतल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेला माणूस. निरीक्षण आणि निष्कर्षात त्यांचा हात कोण धरणार! आपण सुधारतोय, ही खचतेय. म्हणजे पेशी आपल्याला, सलाइन हिला. गणित सुटलं, आणि त्यांच्या जिवाला टोचणी लागली.

"देवाचं चुकलंच," एकदा भात वाढताना ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुला मिळायला हवं होतं गं."

"जेवा. भात निवतोय," चित्राबाई म्हणाल्या.

अण्णांनी मग घर डोक्यावर घेतलं. बाजार, बँक, गिरणी, दिवसातून चार वेळा जिना. एकदा ते लवकर परतले, तर माळ्यावरचे पितळेचे डबे घासून ओळीने मांडलेले. "शेजारची भावना आली होती," चित्राबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. भावना किती गुणाची, हे अण्णा दोन दिवस सांगत होते.

दर महिन्याला ठाण्याला तपासणी असे. एकमेकांचं पाहून रुग्ण अंदाज बांधतात म्हणून प्रत्येकाला आत एकेकटं नेत. चित्राबाई घामाघूम होऊन बाहेर येत आणि बाकावर बसलेले अण्णा लगबगीने उठून त्यांना जागा देत.

वर्ष संपलं. निकालाच्या दिवशी अण्णा खिशात अर्ज घेऊनच गेले.

"डॉक्टर, आधी हे वाचा." सलाइनवाल्यांना आता पेशी देणार असाल तर माझ्या पत्नीपासून सुरुवात करा, असं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

सुश्रुतने अर्ज वाचला आणि समोरच्या यादीवर पुन्हा नजर फिरवली.

"काका, सलाइन तुम्हाला दिलेलं होतं. पेशी काकूंना."

"शक्यच नाही! मी तीन मजले न थांबता चढतो."

"चढता ना. तपासणीतही दिसतंय. वर्षभर जी पायपीट केलीत त्यानेच हृदयाला ताकद आली. आता पेशीही मिळतील, मग काय बघायलाच नको."

"अहो, पण मग हिचं काय? हिला पेशी मिळूनही एका मजल्यात बसकण मारते ही!"

चित्राबाई भिंतीवरचं कॅलेंडर निरखून बघू लागल्या.

"कोण, काकू?" सुश्रुत गोंधळला. "सहा मिनिटं चालायच्या चाचणीत दुसऱ्या महिन्यापासून चाळीस जणांत त्याच पहिल्या येतायत. घरी बोलल्या नाहीत?"