घडीची सायकल

सहा महिने चौकशा करून हेमकांतरावांनी घडीची सायकल घेतली. नाक्यापर्यंत बस आणि पुढे ऑफिसपर्यंत सायकल, असा झोकदार बेत होता. प्रत्यक्षात ते रिक्षानेच जात आणि रविवारी तिला फडक्याने पुसत. त्यांच्या बायकोला, मृदुलाला, हे बघूनच संताप येई.

शेवटी एका सकाळी मृदुलाच ती सायकल घेऊन शाळेत शिकवायला निघाली.

"अगं, ओरखडे पडतील!" ते ओरडले.

"पडू देत. शोकेसमध्ये ठेवायला घेतलीत का?"

पहिल्या दिवशी चढावर तिचा ऊर फुटायची वेळ आली. महिन्याभरात मात्र ती न उतरता चढू लागली.

एकदा जिन्यात शेजारच्या देवधरांनी सायकलीचं कौतुक केलं. हेमकांतराव फुशारून म्हणाले, "आम्ही रोज हिच्यावरच जातो."

मृदुलाने घडी घातलेली सायकल त्यांच्यापुढे ठेवली. "उघडून दाखवा ना."

ते बराच वेळ नुसत्याच कड्या चाचपत राहिले.