एकसष्ट

गालांना फेस लावून झाला तसा धाकट्याने ब्रश बाजूला ठेवला, वस्तऱ्यात नवं ब्लेड चढवलं आणि वस्तरा परत टेबलावर ठेवून दिला.

“एक मिनिट हं, मास्तर. आधी माझं बघून घेतो.”

खुर्चीतले निवृत्त पोस्टमास्तर फेसाआडून नुसतंच ‘हं’ म्हणाले. शेजारच्या खुर्चीपाशी थोरल्या भावाची कात्री मात्र थांबली. सलून दोघांचं होतं. बाकावर तिघं जण नंबर लावून बसले होते. आणि धाकट्याला शुगर निघून आज तीन आठवडे झाले होते.

“आत जाऊन कर,” थोरला दबक्या आवाजात म्हणाला.

“आत उजेड नाही, दादा.”

“मग घरून करून येत जा. चारचौघांत कशाला हा तमाशा?”

थोरल्याचं पहिल्या दिवसापासून एकच म्हणणं होतं. दाढी करणाऱ्याचा हात थरथर कापतो असं एकदा बाहेर गेलं, की दुकानात कुत्रं फिरकणार नाही. धाकट्याचंही एकच होतं. हात कापत नाही हे लोकांनी बघावं, म्हणूनच तर इथे करायचं. शुगरचं मशीन तो कंगवे आणि पावडरच्या डब्याच्या मधोमध ठेवायचा. चोरीचा माल थोडाच होता तो.

दवाखान्यातल्या सिस्टरने त्याला कागदावर ताट काढून दिलं होतं. अर्ध्यात भाजी, चतकोर भागात अंडं नाहीतर कडधान्य, उरलेल्या चतकोरात भाकरी नाहीतर ब्रेड. गोळी घेतली की खायचंच, हे खाली दोनदा लिहिलं होतं. तो ते नीट पाळत होता. पण सोमवारी उपाशीपोटी दोनशे बारा आली आणि त्याचं डोकं फिरलं. इतकं करूनही दोनशे बारा? आज सकाळी त्याने गोळी घेतली, अर्धी काकडी आणि एक अंडं खाल्लं आणि बायकोने वाढलेले ब्रेडचे दोन तुकडे ताटातून बाहेर काढले. “बघतोच कशी खाली येत नाही ते,” असं म्हणून तो दुकानात आला होता.

त्याने हात धुऊन पुसले, बोटाच्या कडेला सुई मारली. थेंब आला, पण पट्टीला लागेना. दोनदा हुकला. पंखा चालू असून मानेवर घाम आला होता, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

मशीनवर आकडा आला. एकसष्ट.

तो आकडा त्याच्याशिवाय कुणाला दिसत नव्हता.

“ठीक आहे ना?” थोरल्याने साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. “ठीकच असणार.”

धाकट्याने मशीन खाली ठेवलं.

“ठीक नाही. एकसष्ट आहे. सत्तरच्या खाली जाऊ द्यायची नसते.” तो आरशातून बाकाकडे बघत बोलला. “हात कापतोय माझा. पंधरा मिनिटं मी वस्तऱ्याला हात लावणार नाही.”

बाकावरच्या चपलांच्या दुकानदाराने घड्याळ बघितलं. “मी संध्याकाळी येतो,” म्हणत तो उठला. दार लागेपर्यंत थोरला त्याच्या पाठीकडे बघत राहिला.

“झालं समाधान?”

धाकट्याने खणातून चहाची साखर काढली, तीन चमचे पाण्यात ढवळले आणि ते पाणी उभ्या उभ्या पिऊन टाकलं.

“अहो, शुगर आहे ना तुम्हाला?” बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेला दचकला. “आणि साखर खाताय?”

“ती पार खाली गेलीय म्हणून खातोय. चूक माझीच. गोळी घेतली आणि पोटाला चिमटा काढला. शुगरवर राग काढायला गेलो, तो निघाला माझ्यावरच.”

थोरला पुढे झाला. “मास्तर, माझ्या गिऱ्हाईकाचं होत आलंय. तुम्ही माझ्या खुर्चीत या, मी करतो.”

पोस्टमास्तरांनी डोळे उघडले. धाकट्याने हात खिशात घातला नव्हता. टेबलावर उघडा ठेवला होता, कापत होता तसाच.

“पंधरा मिनिटंच ना?” ते म्हणाले. “बसतो. घरी तरी कोण वाट बघतंय?” आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

थोरल्याचं गिऱ्हाईक केस झटकून गेलं, बाकावरचा तिसरा त्या खुर्चीत बसला. पंधरा मिनिटांनी धाकट्याने पुन्हा सुई मारली. या वेळी थेंब पहिल्या फटक्यात पट्टीला लागला.

“सत्त्याण्णव,” त्याने मघाच्याच आवाजात सांगितलं. हात पुढे धरून बघितला. मग डबा उघडला, बायकोने न विचारता भरून दिलेले ब्रेडचे दोन्ही तुकडे उसळीबरोबर सगळ्यांदेखत खाल्ले, हात धुतले आणि वाळलेल्या फेसावर नवा फेस चढवला.

“उद्यापासून आत करायचं,” थोरला म्हणाला.

“उद्यापासून इथेच. आणि आकडा असाच मोठ्याने सांगणार. ज्याला जायचं त्याने जावं.”

दाढी झाली. पोस्टमास्तरांनी दोन्ही गाल, मग हनुवटीखाली हात फिरवला. कुठे ओरखडा नव्हता. ते गेले, पाठोपाठ थोरल्याचं गिऱ्हाईकही.

आता दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. वर्तमानपत्रवाला घडी घालून उठला, आणि दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये येऊन घुटमळला. त्याने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

थोरला टॉवेल झटकत होता. त्याने मान वर केली नाही.

“त्याच्याकडे बसा,” तो म्हणाला. “त्याने आत्ताच बघून घेतलंय. मी कुठे बघितलंय?”