तिसरं वळण

गोल ट्रॅकवर चोवीस गाड्या सुसाट धावत होत्या आणि एकाही गाडीत माणूस नव्हता. सगळ्या गाड्या चालवत होती ती शहाजी इंगवल्यांच्या मेंदूची नक्कल. रेसिंगमधून निवृत्त होताना त्यांनी ती या गाड्या बनवणाऱ्या कंपनीला दिली होती. कंट्रोल रूममध्ये बसल्या जागी त्यांचा उजवा पाय ॲक्सिलरेटर असल्यासारखी जमीन दाबत होता, सोडत होता.

"सर, एक दोष सापडलाय," इंजिनिअर मृण्मयी म्हणाली. "तिसऱ्या वळणावर सगळ्या गाड्या अर्धा सेकंद वेग कमी करतात. आज काढून टाकते."

अकरा वर्षांपूर्वी एका शर्यतीत त्याच वळणावर, मागून धक्का बसून, दस्तगीर मुल्लाची गाडी भिंतीवर आदळली होती. तो जागीच गेला. मागची गाडी शहाजींची होती. 'मी वेळेत पाय उचलला होता,' असं त्यांनी चौकशीत शपथेवर सांगितलं होतं.

गाड्या पुन्हा वळणाशी आल्या. चोवीस गाड्यांसोबत शहाजींचाही पाय उचलला गेला.

"काढू नकोस," ते म्हणाले.

"पण सर, तिथं पाय उचलायची गरजच नाही!"

"एकदा होती," शहाजी म्हणाले. "तेव्हा मी उचलला नाही."