शुद्ध मराठी

निपाणीच्या आप्पांनी सीमालढ्यात मराठीसाठी लाठ्या खाल्ल्या होत्या. बायको इकडच्या वळणानं “मी आलो” म्हणाली, तरी ते हातातला घास ठेवून सुधारत, “बाईमाणसानं ‘आले’ म्हणावं.” अशा घरात आदर्श नावाचा मुलगा कन्नड बोलायला लागला, ही नाचक्कीच. पण आदर्श मनातून पूर्णिमा होती, आणि तिला कन्नडच परवडत होती. “नानु बंदे” म्हणजे मी आलो किंवा आले. ‘मी’ म्हणणारी बाई की बुवा, ती भाषा विचारत नाही. एका संध्याकाळी सोप्यात लढ्यातले सोबती चहा पीत बसले होते. उंबऱ्यातून ती म्हणाली, “नानु बंदे.” आप्पांनी बशी आपटली. “मराठीत सांग रं, शुद्ध.” उंबरा ओलांडून ती म्हणाली, “आप्पा, मी आले.” कपबशा थांबल्या. आप्पा उठून जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “त्यापेक्षा कन्नडच बोलत जा.”